पूर्वीचा अपराध आणि आजचा न्याय

गावात चोरी झाली म्हणजे लोकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो बहुधा असा की, पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला अमका त्या रात्री कोठे होता? चोरी कशी झाली, कुलूप कोणी पाहिले, पावले कोणत्या दिशेस गेली, हे प्रश्न मागाहून येतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे म्हणून वडीलधारी मंडळी मान हलवितात, आणि कित्येकदा तेवढ्यावरच निकाल होऊन जातो. हे योग्य आहे काय? ज्याने पूर्वी अपराध केला त्याचा तो अपराध आज त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरावा काय? आणि ज्याने कधीच अपराध केला नाही त्याचे निष्कलंक आयुष्य त्याच्या बाजूने किती मोजावे? या प्रश्नांचा विचार मोठमोठ्या न्यायालयांनी पुष्कळ वर्षे केला आहे. तो विचार काय आहे, आणि गावच्या पंचायतीत किंवा मंडळीच्या बैठकीत बसणाऱ्या लोकांनी त्यापासून काय घ्यावे, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय नीट समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. मुंबईस पश्चिम रेल्वेवर अंधेरीच्या पुढे जोगेश्वरी म्हणून स्टेशन आहे. खडकात कोरलेल्या प्राचीन लेण्यांकरिता ते ठिकाण प्रसिद्ध आहे. १९५० साली मुंबईची हद्द वाढली तेव्हा या बाजूस ती जोगेश्वरीपर्यंत आली; पुढे १९५७ साली ती दहिसरपर्यंत गेली. मधली सात वर्षे जोगेश्वरी ही मुंबईची वेसच होती म्हणावयाची. तेथील डोंगरउतारावर पोटासाठी दूरदूरच्या गावांहून आलेल्या लोकांच्या वस्त्या दाटीने वसल्या आहेत. समजा, अशा एका वस्तीत रात्री पाच जणांनी वाण्याचे दुकान लुटले आणि राखणदारास जबर मारिले. अंधारात त्याला कोणाचा चेहरा नीट दिसला नाही. एकजण उंच व सडपातळ होता, एवढेच तो सांगतो. त्याच वस्तीत एक भाजीवाला राहतो. पंधरा वर्षांपूर्वी तांब्यापितळेची भांडी चोरल्याबद्दल त्याने सहा महिने शिक्षा भोगली आहे. तेव्हापासून तो हातगाडी लोटून बायकामुलांचे पोट भरीत आहे. पोलिसांच्या वहीत त्याचे नाव आहे, आणि तो उंच व सडपातळही आहे. सकाळ होण्यापूर्वीच शिपाई त्याच्या दारात उभे राहतात.

हा मनुष्य न्यायासनापुढे आला असता, पंधरा वर्षांपूर्वीची ती भांडी त्याच्याविरुद्ध बोलू शकतील काय?

आपल्या देशाच्या कायद्याचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु ते आरंभापासून तसे नव्हते. १८७२ साली हिंदुस्थानचा पुराव्याचा कायदा झाला तेव्हा त्याच्या ५४ व्या कलमात आरोपीस पूर्वी झालेली शिक्षा ही विचारात घेण्याजोगी गोष्ट आहे, असे ठरविले होते. एकोणीस वर्षे हा नियम चालला. मग १८९१ साली ते कलम बदलण्यात आले, आणि नियम असा झाला की, आरोपीचे शील वाईट आहे ही गोष्ट फौजदारी खटल्यात गैरलागू समजावी. मात्र आपले शील चांगले आहे असा पुरावा आरोपीने स्वतः आणिला, तर त्याच्या उत्तरादाखल वाईट शीलाचा पुरावा देता येईल, व पूर्वीची शिक्षा हा तसा पुरावा होय. उलटपक्षी, आरोपीचे शील चांगले आहे ही गोष्ट ५३ व्या कलमाप्रमाणे केव्हाही विचारात घेण्याजोगी मानिली गेली. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम हा नवा कायदा आला आहे. त्याच्या ४७ व्या व ४९ व्या कलमांत हाच नियम कायम राहिला आहे.

म्हणजे चांगुलपणाचे दार आरोपीस सदा मोकळे आहे. परंतु ते त्याने उघडिले की त्याच दाराने त्याचा पूर्वीचा अपराधही आत येऊ शकतो. आमच्या भाजीवाल्याने 'मी साधा सच्छील मनुष्य आहे' असे दाखविण्यास साक्षीदार आणिले, तर सरकारी वकील ती पंधरा वर्षांपूर्वीची भांडी पुढे आणील. तो गप्प राहिला, तर सरकारी वकिलासही त्या बाबतीत गप्प राहिले पाहिजे.

येथे विचारी वाचक एक आक्षेप काढील. तो म्हणेल, 'सत्याने न्यायाचे कधी नुकसान होते काय? या मनुष्याने चोरी केली होती हे खरे आहे. खरी गोष्ट न्याय करणाऱ्यापासून लपवून ठेवणे हाच अन्याय नव्हे काय? शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करितो. मग मनुष्याच्या एका कृत्यावरून त्याच्या स्वभावाची परीक्षा का करू नये?' हा आक्षेप उथळ नाही, म्हणून त्याचे उत्तर सावकाश दिले पाहिजे.

पहिले उत्तर असे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, परंतु शीत आजच्या हंडीतले असावे लागते. न्यायालयापुढे प्रश्न 'हा मनुष्य कसा आहे?' असा नसतो. 'त्या रात्री त्या दुकानात हा होता काय?' असा असतो. ज्यांनी पूर्वी चोरी केली असे कितीतरी लोक त्या रात्री आपापल्या घरी झोपले होते. आणि प्रत्येक चोराच्या आयुष्यात असाही एक दिवस होता की, ज्या दिवसापर्यंत त्यास कधी शिक्षा झाली नव्हती. म्हणून शिक्षेची नोंद असणे हा अपराधाचा पुरावा नव्हे, आणि ती नसणे ही निरपराधीपणाची खातरी नव्हे.

दुसरे उत्तर याहूनही महत्त्वाचे आहे. भाजीवाल्याच्या दारी शिपाई गेले ते कशावरून? वहीत नाव होते यावरून. म्हणजे पूर्वीच्या अपराधाचा उपयोग त्यास पकडताना एकदा होऊन चुकला. आता तोच अपराध पुन्हा न्यायालयात पुरावा म्हणून मांडिला, तर एकच वजन तराजूत दोनदा टाकिल्यासारखे होईल. ऐकणाऱ्यास मात्र असे भासेल की, 'पोलिसांनी सगळीकडे शोध केला आणि ज्यास पकडिले तो नेमका पूर्वीचाच चोर निघाला. केवढा हा योगायोग!' वस्तुतः त्यात योगायोग काहीच नाही. ज्यांची नावे वहीत आहेत त्यांच्याच दारी आधी गेले, तर जो सापडेल तो पूर्वीचाच गुन्हेगार असणार.

तिसरे उत्तर मनुष्याच्या मनाविषयी आहे. पूर्वीचा अपराध कानी पडला म्हणजे न्याय करणारा असे उघडपणे म्हणत नाही की, 'याने तेव्हा चोरी केली, म्हणून आताही केलीच.' घडते ते निराळेच. त्याच्या मनाची दक्षता सैल होते. निर्मळ मनुष्यास चुकून शिक्षा झाली तर केवढा अनर्थ होईल, या भीतीने तो एरव्ही पुरावा दहादा पारखून घेतो. परंतु पूर्वीच्या गुन्हेगाराविषयी त्यास वाटते, 'हा आत गेला तरी कोणाचे काय बिघडते?' हा विचार तो कोणापाशी बोलून दाखवीत नाही, कदाचित स्वतःपाशीही कबूल करीत नाही. पण पुरावा जेथे तोकडा पडतो तेथे हाच विचार ती उणीव भरून काढितो. यामुळे खरा अपराधी मोकळा राहतो, आणि चोर सोडून संन्याशास फाशी या म्हणीप्रमाणे गोष्ट घडते. येथील संन्यासी मात्र असा की, त्याने भगवी वस्त्रे घातलेली नसल्याने त्याच्याबद्दल कोणी हळहळतही नाही.

हे जाणूनच १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात एक शहाणपणाची तजवीज केली होती. चोरीसारख्या काही अपराधांस, पूर्वी तसल्याच अपराधाबद्दल शिक्षा झालेली असल्यास, अधिक कडक शिक्षा देता येते. असे पीनल कोडाच्या ७५ व्या कलमात होते. अर्थात, पूर्वीची शिक्षा आरोपपत्रात लिहावी लागे. परंतु ३१० व्या कलमाने असा निर्बंध घातला की, ज्यूरीपुढे खटला चालला असता आरोपपत्राचा तेवढा भाग आरंभी वाचू नये, व आरोपीस त्याविषयी विचारूही नये. आजच्या अपराधाचा निकाल आधी व्हावा. तो अपराध शाबीत झाला, किंवा आरोपीने स्वतः कबूल केला, म्हणजे मगच ते पान उलटावे. १९७३ च्या नव्या संहितेतही सत्र न्यायालयाकरिता २३६ व्या कलमात हाच क्रम ठेविला होता.

या नियमात सत्य लपविलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ते आपल्या वेळेपर्यंत थांबविले आहे. अपराध घडला की नाही हा एक प्रश्न, आणि अपराध्यास शिक्षा किती करावी हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी मनुष्याचे सर्व आयुष्य डोळ्यांपुढे आणणे योग्यच आहे. १९५८ च्या परिवीक्षेच्या कायद्याप्रमाणे न्यायाधीश अपराध्याचे वय, शील व पूर्वेतिहास पाहून त्यास तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या जामिनावर सोडू शकतो. पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नात घुसडिले की न्याय बिघडतो. खरी गोष्टसुद्धा अवेळी सांगितल्याने खोट्या निकालास कारण होऊ शकते.

वर ज्यूरीचे नाव आले. ज्यूरी म्हणजे खटल्यातील गोष्ट घडली की नाही हे सांगण्यासाठी बसविलेले सामान्य नागरिक. मुंबईत पूर्वी मोठ्या फौजदारी खटल्यांत असे नऊ पंच बसत. ते कायदा शिकलेले नसत, म्हणून पुरावा संपल्यावर न्यायाधीश त्यांस समजावणी देई: या पुराव्याचा विचार अशा रीतीने करावा, अमुक गोष्टीस इतकेच वजन द्यावे, शाबीत करण्याचा भार अमक्यावर आहे. या समजावणीत चूक झाली तर सगळा निकाल डळमळे. १९५९ सालचा कमांडर नानावटी यांचा खटला अनेकांस ठाऊक आहे. आपल्या पत्नीच्या प्रियकरास गोळ्या घालून मारल्याचा आरोप या नौदल अधिकाऱ्यावर होता. नऊ पंचांपैकी आठांनी त्यांस निर्दोषी म्हटले. सत्र न्यायाधीशांस तो अभिप्राय पटला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. शाबितीचा भार व क्षोभ यांसारख्या मुद्द्यांवर ज्यूरीस दिलेली समजावणी सदोष होती, असे वरिष्ठ न्यायालयांनी ठरविले. आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची जन्मठेप कायम केली. त्या समजावणीतील दोष शीलाविषयी नव्हते, हे खरे. तरी न्यायालयाबाहेर शहरातील पुष्कळांचे मन ज्या गोष्टीने त्यांच्या बाजूस वळविले ती त्यांची प्रतिष्ठा व चांगले नावच होते. वाईट नाव मनुष्यास बुडविते तसे चांगले नाव तारू पाहते, आणि दोन्ही वेळी डोळे पुराव्यावरून ढळतात.

तर मग चांगल्या शीलास वजन द्यावे तरी किती? ज्या इंग्लंडातून ज्यूरीची पद्धत आपल्याकडे आली तेथे ती अद्याप चालू आहे, आणि तेथील न्यायाधीशांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. १९९३ साली तेथील अपील न्यायालयाने असे ठरविले की, आरोपी निष्कलंक असेल तर न्यायाधीशाने ज्यूरीस दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक ही की, आरोपीने स्वतः साक्ष दिली असल्यास ती विश्वसनीय मानावी की नाही हे ठरविताना त्याचे चांगले शील ध्यानात घ्यावे. दुसरी ही की, अशा मनुष्याच्या हातून असा अपराध होण्याचा संभव कमी, हेही ध्यानात घ्यावे. यांपैकी कोणतीही गोष्ट बचावाचे अभेद्य कवच नव्हे; कारण चांगली माणसेही घसरतात.

परंतु जगात सगळीच माणसे अगदी निष्कलंक किंवा अगदी कलंकित अशी नसतात. बहुतेक मधली असतात. ज्याने वीस वर्षांपूर्वी जत्रेत दारू पिऊन दंगा केला व दंड भरला, आणि त्यानंतर नीटपणे संसार केला, त्यास न्यायाधीशाने काय म्हणावे? 'याच्यावर कधी डाग पडला नाही' असे म्हणावे, तर ते असत्य होईल. आणि डाग आहे म्हणून त्याचे सारे आयुष्य पुसून टाकावे, तर तो अन्याय होईल. १९९५ साली तेथील हाउस ऑफ लॉर्ड्स या सर्वश्रेष्ठ न्यायालयाने सांगितले की, खटल्यातील उघड गोष्टींशी विसंगत अशी निरर्थक वाक्ये ज्यूरीपुढे बोलण्यास न्यायाधीश बांधलेला नाही. पुढे २०१५ साली अपील न्यायालयाने मधल्या मनुष्यांविषयी नियम स्पष्ट केला. पूर्वीची शिक्षा जुनी, किरकोळ व आजच्या आरोपाशी संबंध नसलेली असेल, तर न्यायाधीश सर्व गोष्टी पाहून त्या मनुष्यास व्यवहारतः सच्छील मानू शकतो. एकदा तसे मानिले म्हणजे त्याने ज्यूरीस त्या दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मात्र खोटे चित्र उभे राहू नये म्हणून शब्द जुळवून घ्यावे. शिक्षा तशी नसेल, तर चांगल्या शीलाची ही समजावणी मागण्याचा आरोपीस हक्क नाही.

हा नियम आमच्या भाजीवाल्यास लावून पाहा. त्याची शिक्षा जुनी आहे व अपराधही मोठा नव्हता. परंतु चोरी व दरोडा यांचे गोत्र एक आहे. म्हणून इंग्लंडातला न्यायाधीश त्यास व्यवहारतः सच्छील म्हणावयास कदाचित कचरेल. तसे झाल्यास त्याच्या वकिलाचा शहाणपणाचा मार्ग बहुधा मौनाचाच. मौन म्हणजे खोटे बोलणे नव्हे. चांगले बोलावयाचे नाही, वाईट आणावयाचे नाही, आणि त्या एका रात्रीच्या पुराव्याकडेच सर्वांनी पाहावयाचे. हीच त्यात न्यायाची वाट आहे.

इंग्लंडाने २००३ साली कायदा करून आरोपीच्या वाईट शीलाचा पुरावा पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक प्रसंगी आत येऊ दिला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकाच तऱ्हेचे अपराध वारंवार करणाऱ्यास पूर्वेतिहास झाकण्याची सवलत का द्यावी, असा त्यामागचा विचार होता. पण दोनच वर्षांनी, २००५ साली, तेथील अपील न्यायालयास बजावावे लागले की, दुबळ्या खटल्यास टेकू म्हणून पूर्वीच्या शिक्षा आणू नयेत, आणि त्या शिक्षांवर भलताच भर देऊ नये असा इशारा ज्यूरीस दिला जावा. दार रुंद केले, तेव्हा उंबरठ्यावर पहारा वाढवावा लागला.

आपल्याकडेही काही प्रसंगी पूर्वीची शिक्षा आत येते. पण ती स्वभाव दाखविण्यासाठी नव्हे. कोणी खोटे नाणे दिले आणि 'ते खोटे आहे हे मला ठाऊक नव्हते' असा बचाव केला, तर पूर्वी जाणूनबुजून खोटे नाणे दिल्याबद्दल त्यास झालेली शिक्षा दाखविता येते. हे उदाहरण पुराव्याच्या कायद्यातच दिलेले होते. तेथे पूर्वीची गोष्ट 'हा वाईट मनुष्य आहे' असे सांगत नाही. 'यास खोटे नाणे ओळखता येते' एवढेच सांगते. फरक सूक्ष्म आहे, पण सगळा न्याय त्याच फरकावर उभा आहे.

चांगल्या शीलासंबंधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे मत काय? १९५३ साली हैदराबाद राज्यातील, म्हणजे तेव्हा मराठवाडाही ज्यात होता त्या राज्यातील, एका खटल्यात त्या न्यायालयाने म्हटले की, मनुष्याच्या वर्तनाचा अर्थ लावताना त्याचे शील पुष्कळदा महत्त्वाचे ठरते. पुढे मुंबईत चाललेल्या एका विमा कंपनीच्या पैशांच्या अपहाराच्या मोठ्या खटल्यात, ज्यातील आरोपींत स्वातंत्र्याच्या चळवळीतील एक नामांकित पुढारीही होते, न्यायालयाने दुसरी बाजू सांगितली. शीलाचा पुरावा हा फार दुबळा पुरावा आहे. प्रत्यक्ष विश्वसनीय पुरावा असेल तेथे तो टिकत नाही. संशयाच्या प्रसंगी मात्र तराजू आरोपीच्या बाजूस झुकविण्यास तो उपयोगी पडू शकतो.

आमच्या मते या दुसऱ्या निर्णयात गरिबांचेही हित आहे. शीलाची साक्ष द्यावयास कोण येतो? प्रतिष्ठित मनुष्यासाठी डॉक्टर येतील, पुढारी येतील, मोठे अधिकारी येतील. भाजीवाल्यासाठी कोण येणार? शेजारचा हमाल किंवा समोरची धुणे धुणारी बाई. त्यांना एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागेल, आणि कोर्टात त्यांच्या शब्दास कितपत मान मिळेल? चांगल्या नावास अवाजवी वजन दिले, तर न्याय नकळत प्रतिष्ठितांच्या घरचा होऊन बसतो.

याच्या उलट टोकास आमच्या देशात एक असा अन्याय होऊन गेला की, ज्यात कोणतीही शिक्षा झालेली नसताना मनुष्य जन्मतःच गुन्हेगार ठरविला गेला. १८७१ साली सरकारने उत्तर हिंदुस्थानाकरिता गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या जमाती या यादीत आल्या त्यांच्या लोकांस पोलिसांकडे नावे नोंदवावी लागत, हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. अशा वसाहती चालविण्याचे काम देशात कित्येक ठिकाणी मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनीही पत्करिले होते. त्यांचा हेतू लोकांस उद्योग शिकवावा असा असेल. तरी ज्या यादीवरून माणसे त्यांच्या हवाली होत ती यादी अपराधाची नव्हती, जन्माची होती, हे आज आपण विसरू नये. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु कागदावरून पुसलेले नाव लोकांच्या मनातून लगेच पुसले जात नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मकथनास 'उचल्या' हे जमातीस चिकटलेले नावच दिले, यावरून त्या कलंकाचे ओझे ध्यानात यावे. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात निदान जन्म न पाहता त्या त्या मनुष्यास झालेल्या शिक्षा पाहावयाच्या, एवढी सुधारणा झाली. आजही १९५१ च्या पोलीस कायद्याप्रमाणे काही अपराधांत शिक्षा झालेल्या मनुष्यास दोन वर्षांपर्यंत तडीपार करिता येते. पुढे अपाय होऊ नये म्हणून केलेली ही खबरदारी आहे. तिची आवश्यकता कोणी मान्य करो वा न करो, पण 'उद्या हा काय करील?' आणि 'काल याने काय केले?' हे दोन प्रश्न एक समजू नयेत.

आता आपल्या न्यायालयांत फौजदारी खटल्यास ज्यूरी बसत नाही. १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आली आणि तिच्यात ज्यूरीस जागा राहिली नाही. आज जोगेश्वरीचा भाजीवाला सत्र न्यायालयापुढे उभा राहिला तर त्याचा निकाल एकटा न्यायाधीश करील. हा न्यायाधीश अडचणीत असतो. जामिनाच्या वेळी आरोपीचा पूर्वेतिहास न्यायालयापुढे मांडिला जातो, आणि तो पाहणेही तेथे रास्त असते; मग निकालाच्या वेळी तो जणू ऐकिलाच नाही असे मनास बजवावे लागते. पूर्वी जी समजावणी न्यायाधीश नऊ जणांस मोठ्याने देई, ती आता त्याने स्वतःस मनातल्या मनात द्यावयाची आहे. मोठ्याने दिलेल्या समजावणीतील चूक वरच्या न्यायालयास दिसत असे. मनातली चूक कोणास दिसणार?

आणि हीच गोष्ट आपणा सर्वांस लागू आहे. आपण न्यायाधीश नसलो तरी निकाल रोज करितो. शाळेच्या पेटीतले पैसे गेले, शेतातले कणीस गेले, मंडळीच्या वर्गणीचा हिशेब जुळला नाही, की पंच जमतात आणि कोणाचे तरी नाव निघते. अशा बैठकीत आपल्यास समजावणी देणारे कोणी नसते. म्हणून ती आपण आपल्यास द्यावी. आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे ती अशी असावी.

प्रथम, ज्या गोष्टीचा निकाल करावयाचा तीच गोष्ट पुढे ठेवावी. पैसे कधी होते, कधी नाहीसे झाले, किल्ली कोणाकडे होती, कोणी काय पाहिले, हे आधी विचारावे. ते सर्व ऐकून होईपर्यंत कोणाच्याही मागल्या अपराधाचा उच्चार बैठकीत होऊ देऊ नये. कोणी केल्यास वडीलधाऱ्यांनी त्यास थांबवावे. दुसरे, पूर्वीचा अपराध बाजूस सारून उरलेला पुरावा पुरेसा आहे काय, हे स्वतःस विचारावे. हाच पुरावा गावातील अत्यंत सन्मान्य मनुष्याविरुद्ध असता तर आपण त्यास दोषी म्हटले असते काय? उत्तर 'नाही' असेल, तर दुसऱ्यासही दोषी म्हणण्याचा आपल्यास अधिकार नाही. तिसरे, दोष सिद्ध झाल्यावर मात्र मनुष्याचे सर्व आयुष्य पाहावे. पूर्वी कितीदा घसरला हे पाहावे, आणि मधली किती वर्षे नीट चालला हेही तितक्याच काळजीने मोजावे. पुष्कळ पंच पहिली गोष्ट मोजतात आणि दुसरी मोजावयास विसरतात.

पश्चात्ताप केलेल्या मनुष्यास जवळ करावे असा उपदेश आपल्या मंडळ्यांत नेहमी होतो. तो उपदेश खरा आहे की तोंडदेखला, याची परीक्षा प्रार्थनेच्या वेळी होत नाही. पेटी रिकामी सापडते, सगळ्यांच्या नजरा एकाच मनुष्याकडे वळतात, आणि तो खाली मान घालून उभा असतो, त्या घटकेस ती होते. त्या वेळी बैठकीतील एका तरी मनुष्याने उठून म्हणावे की, 'थांबा. आधी किल्ली कोणाकडे होती ते सांगा.'